सांगली-साताऱ्यातून डॉक्टरकी, नर्सिंग, फिजिओथेरपीकडे: प्रवेशाची कामं कोणत्या क्रमाने करायची

बारावी शास्त्र शाखेची मुलं अभ्यासाला दोन वर्षं देतात आणि प्रवेशाच्या कामाला निकालानंतरचे पंधरा दिवस. घोळ होतो तो याच पंधरा दिवसांत. चांगले गुण असलेली मुलगी खुल्या प्रवर्गात ढकलली जाते, कारण जात वैधता प्रमाणपत्र हातात नसतं. एखादे पालक कराडच्या कृष्णा वैद्यकीय महाविद्यालयाचं नाव राज्याच्या यादीत शोधत बसतात आणि ते जिथे असतं तिथली नोंदणी संपून जाते. कुणी अकरावी-बारावी परराज्यात केलेली असते आणि त्याचा परिणाम थेट अर्ज भरताना समजतो.

या सगळ्या चुका आधी टाळता येण्यासारख्या आहेत. म्हणून अभ्यास कसा करावा, हे इथे सांगत नाही. इथे फक्त कामांचा क्रम आहे: काय, कधी, कुठे आणि कशाच्या आधी. तारखा दरवर्षी बदलतात आणि नियमांतही थोडेफार फरक होतात. त्यामुळे त्या वर्षीची माहिती पुस्तिका उतरवून घ्या, छापा आणि पेन घेऊन वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तारखेवर कोणतंही काम ठरवू नका.

## टप्पा १: अकरावीलाच पक्क्या होणाऱ्या गोष्टी

विषय. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी, नर्सिंग या सगळ्यांसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. आपल्याकडे बरीच मुलं गुण मिळतात म्हणून बायफोकल, म्हणजे व्यवसायाकडे झुकणारे विषय घेतात. इलेक्ट्रॉनिक्स किंवा क्रॉप सायन्स घेताना कोणता विषय सुटतो ते नीट विचारा. गणित सुटलं तर या वाटेवर अडचण नाही, जीवशास्त्र सुटलं तर वाटच बंद होते. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवणं जमत असेल तर ठेवा. मात्र ज्या मुलाला गणिताची भीती आहे, त्याच्यावर ‘पर्याय राहू दे’ म्हणून ते लादू नका. त्याचा वेळ जीवशास्त्राला हवा आहे.

राज्य. एमबीबीएस आणि बीडीएसच्या राज्य कोट्यातल्या जागेसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून उत्तीर्ण असणं ही मूळ अट आहे. अधिवास प्रमाणपत्र त्याशिवाय वेगळं लागतं. मूल राजस्थानातल्या कोटा शहरात, हैदराबाद किंवा बेळगावला क्लाससाठी गेलं आणि बारावीचा प्रवेशही तिथल्याच कॉलेजात झाला, तर राज्य कोट्याचा हक्क जाऊ शकतो. जत तालुक्यातल्या आणि मिरजेच्या पूर्वेकडच्या गावांत हा प्रश्न रोजचा आहे, कारण जवळची बरी शाळा पलीकडे कर्नाटकात असते. सरकारी नोकरीतल्या बदलीसारखे काही अपवाद आहेत. सीमाभागातल्या ८६५ गावांच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूदही आहे. पण अपवादात आपण बसतो, हे कागदाने सिद्ध करावं लागतं.

उपस्थिती आणि बोर्डाचे गुण. क्लास आणि कॉलेज जोडून घेणारी मुलं बोर्डाकडे पाठ फिरवतात. एमबीबीएससाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के गुण आवश्यक असतात. नीट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेला उत्तम गुण आणि बोर्डाला ४८ टक्के, अशा खुल्या प्रवर्गातल्या मुलाला कोणतंही कॉलेज घेऊ शकत नाही.

तपासा: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण होतात का? लहानपणी लवकर शाळेत घातलेल्या मुलांच्या बाबतीत हे आधीच बघा.

## टप्पा २: आपली रांग कोणती?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. ‘नीट दिली की प्रवेश होतो’ हे अर्धवट आहे. नीट ही परीक्षा आहे. प्रवेश देणारे दरवाजे वेगवेगळे आहेत आणि प्रत्येक दरवाजावर नोंदणी स्वतंत्र करावी लागते.

पहिला दरवाजा राज्याच्या सीईटी कक्षाचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा आणि प्रवेश बघणाऱ्या कार्यालयाचा. शासकीय वैद्यकीय आणि दंत महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा आणि खासगी महाविद्यालयांच्या जागा इथून भरतात. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, साताऱ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कवलापूरचं वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय ही आपली जवळची नावं या यादीत सापडतील. आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी यांचे राज्यातले प्रवेशही नीटच्या गुणांवर इथूनच होतात. साताऱ्याचं आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय आणि मिरजेचं गुलाबराव पाटील होमिओपॅथिक महाविद्यालय हवं असेल तरी नीट द्यावीच लागते.

दुसरा दरवाजा केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीचा, म्हणजे एमसीसीचा. शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा, एम्स, जिपमर आणि सगळी अभिमत (डीम्ड) विद्यापीठं इथे आहेत. ‘अभिमत विद्यापीठं’ हे शब्द पुन्हा वाचा. कराडचं कृष्णा विश्व विद्यापीठ आणि सांगलीचं भारती विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही अभिमत विद्यापीठांची आहेत. घरापासून वीस मिनिटांवर असली तरी त्यांच्या एमबीबीएस आणि बीडीएसची जागा दिल्लीच्या रांगेतून मिळते. तिथे अधिवासाचा फायदा नाही, जातीचं आरक्षण नाही आणि एमबीबीएसचं शुल्क वर्षाला वीस लाखांच्या आसपास किंवा त्याहून वर जातं. याच विद्यापीठांतले नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी असे अभ्यासक्रम बहुतेक वेळा विद्यापीठ स्वतःच्या प्रक्रियेने भरतं. त्यासाठी अर्ज त्यांच्याकडेच, वेगळा.

तिसरा दरवाजा आयुषच्या अखिल भारतीय जागांचा. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीसाठी राज्याबाहेर किंवा अभिमत विद्यापीठात जायची तयारी असेल तरच त्याकडे वळा.

चौथा गट नीटशिवायचा. बी. फार्मसीसाठी एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा लागते. कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयावर डोळा असेल तर ही परीक्षा मनापासून द्या. बी. एस्सी. नर्सिंगसाठी राज्याची स्वतंत्र नर्सिंग सीईटी आहे. तिचा अर्ज भरायचा राहून जाणं ही मुलींच्या बाबतीत फार वेळा दिसणारी चूक आहे. ‘नीटला कमी पडले तर नर्सिंग करू’ असं घरात ठरलेलं असतं, पण नर्सिंग सीईटीची मुदत नीटच्या निकालाच्या कितीतरी आधी संपते.

सावधान: दुसरा पर्याय म्हणून जो अभ्यासक्रम मनात आहे, त्याची परीक्षा आणि अर्जाची मुदत आजच कॅलेंडरवर लिहा.

## टप्पा ३: कागदपत्रं

हे काम अकरावीच्या दिवाळीत सुरू करा. बारावीच्या मे महिन्यात सुरू केलं तर तलाठी, तहसील, प्रांत आणि पडताळणी समिती या चारही ठिकाणी तुमच्यासारखे शेकडो लोक आधीच उभे असतात.

आधी नाव जुळवा. दहावीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि जातीचा दाखला टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. आडनाव पुढे-मागे असणं चालून जातं. पण वडिलांचं नाव एका ठिकाणी ‘राजाराम’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘राजू’ असेल तर पुढे प्रत्येक खिडकीवर अडणार. दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण मानून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा, कारण आधार कार्ड दुरुस्त करणं सोपं असतं. दहावीच्याच प्रमाणपत्रात चूक असेल तर शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

जात वैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला आणि जात वैधता हे दोन वेगळे कागद आहेत. राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर दुसरा कागद लागतो. अर्ज ऑनलाइन भरून, कॉलेजचं पत्र जोडून, जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातो. सांगली आणि सातारा दोन्हीकडे समित्या आहेत. अनुसूचित जमातीसाठी समिती वेगळी आहे.

इथे खरं काम पुराव्याचं आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा जातीचा उल्लेख आणि त्या काळातलं वास्तव्य दाखवावं लागतं. तो उल्लेख तुमच्या कागदात नसेल, आजोबा-पणजोबांच्या कागदात असेल. आजोबा ज्या शाळेत गेले तिथे जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा मागा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि कोतवाल बुक मिळतं. नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून तिचं लिप्यंतर करून घ्या. शेजारच्या मास्तरांना मोडी येतं म्हणून त्यांच्या हाताने लिहिलेलं समिती मान्य करेलच असं नाही.

वडील, चुलते, आत्या, सख्खं किंवा चुलत भावंड यांपैकी कुणाकडे वैधता असेल तर तिची प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र जोडा. काम खूप हलकं होतं. आईकडच्या नातेवाइकांची वैधता इथे उपयोगाची नाही.

अर्ज केला म्हणजे काम झालं, असं समजून लोक घरी बसतात. समिती त्रुटी काढते, ती ऑनलाइन खात्यात आणि मेलवर येते आणि कुणीच बघत नाही. दर आठवड्याला खातं उघडा.

सावधान: ‘अर्ज केल्याची पावती चालते’ असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. काही वर्षी शासनाने मुदत वाढवून दिली आहे. यंदा देईलच, असं गृहीत धरून जागा पणाला लावू नये.

नॉन-क्रीमिलेअर. इतर मागासवर्ग, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास, म्हणजे मराठा आरक्षणाचा प्रवर्ग), विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांना, आपण उन्नत गटात मोडत नाही हे दाखवणारं हे प्रमाणपत्र लागतं. प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असायला हवं. मोठ्या भावाच्या वेळी काढलेल्या प्रमाणपत्राची मुदत बघायची राहते आणि कागद बाद होतो. आजच बाहेर काढून शेवटची ओळ वाचा.

राज्याचा प्रवर्ग आणि केंद्राचा प्रवर्ग. हा परिच्छेद आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या मराठा कुटुंबांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. एसईबीसी हे राज्याचं आरक्षण आहे. केंद्राच्या यादीत ते नाही. नीटचा अर्ज केंद्राचा आहे, त्यामुळे तिथे एसईबीसीच्या विद्यार्थ्याने खुला प्रवर्ग, किंवा निकषात बसत असल्यास केंद्राचा आर्थिक दुर्बल घटक निवडायचा. पुढे राज्याच्या सीईटी कक्षाचा अर्ज भरताना एसईबीसी लिहायचं. दोन अर्जांत दोन प्रवर्ग दिसले म्हणून घाबरू नका, ते बरोबरच आहे. नीटच्या अर्जात इतर मागासवर्ग लिहिणं मात्र चूक आहे. कुणबी दाखला असलेल्यांचा प्रश्न वेगळा: कुणबी केंद्राच्या यादीत आहे, पण त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं, चालू आर्थिक वर्षातलं प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं. राज्याचं नॉन-क्रीमिलेअर एमसीसीला दाखवून भागत नाही.

केंद्राच्या आर्थिक दुर्बल घटकासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि त्यात शेतीचं उत्पन्नही धरतात. शिवाय शेतजमीन पाच एकर किंवा जास्त असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, प्रमाणपत्र मिळत नाही. तासगाव-कवठेमहांकाळकडे पाच एकर माळरान असलेलं आणि टँकरच्या पाण्यावर जगणारं कुटुंबही यात अडकतं. मला हा निकष न्याय्य वाटत नाही, पण आज तो तसा आहे. सातबारा आधी तपासूनच अर्ज करा.

बाकीचे कागद सोपे आहेत, फक्त वेळेत काढा: वय-राष्ट्रीयत्व-अधिवास प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वर्ष वाया गेलं असल्यास त्याचं शपथपत्र, आणि पुस्तिकेतल्या नमुन्यातच घेतलेलं आरोग्य प्रमाणपत्र. डॉक्टरांच्या लेटरहेडवर ‘प्रकृती उत्तम’ असं लिहून आणलेलं परत पाठवतात.

तपासा: प्रत्येक कागद स्कॅन करा. कागदाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत आणि शिक्का वाचता आला पाहिजे. फाइलला मुलाचं नाव आणि कागदाचं नाव द्या. ‘स्कॅन००१’ अशा वीस फाइलींतून ऐन वेळी चुकीची चढते.

## टप्पा ४: अर्ज भरताना

अर्ज नेट कॅफेत भरला तरी मोबाइल नंबर आणि मेल घरचाच द्या. कॅफेवाल्याचा नंबर टाकला की ओटीपी त्याच्याकडे जातो. समुपदेशन, म्हणजे जागावाटपाच्या फेऱ्या, पुढे काही महिने चालतं, आणि तोपर्यंत त्याने नंबर बदलला तर तुमच्याच खात्याचं दार तुम्हाला बंद होतं. वडिलांचा एक नंबर या कामासाठी ठरवा आणि सगळं संपेपर्यंत तो रिचार्ज करत राहा. पासवर्ड वहीत लिहा.

फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढा आणि त्याच फोटोच्या भरपूर प्रती ठेवा. नीटच्या अर्जावर जो फोटो आहे तोच पुढे प्रवेशापर्यंत लागतो. नीटला पोस्टकार्ड आकाराचा फोटो आणि बोटांचे ठसेही द्यावे लागतात. ठसा पुसट आला तर पुन्हा घ्या.

शुल्क भरल्यावर खात्री पृष्ठ उतरवल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. पैसे खात्यातून कापले गेले आणि खात्री पृष्ठ आलं नाही, तर अर्ज पूर्ण झालेला नसतो. दुरुस्तीची खिडकी काही दिवसच उघडते आणि प्रत्येक रकाना तिथे बदलता येत नाही.

## टप्पा ५: परीक्षेचा दिवस

नीटला २०२५ पासून १८० प्रश्न आणि १८० मिनिटं आहेत. एकूण ७२० गुण. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकलं की एक जातो. एमएचटी-सीईटीच्या जीवशास्त्र गटात २०० प्रश्न आहेत आणि चुकीला वजाबाकी नाही. महिन्याभरात दोन्ही परीक्षा देणारी मुलं नीटची सवय सीईटीत नेतात आणि शंका असलेले प्रश्न कोरे सोडून येतात. सीईटीत एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

प्रवेशपत्रावरचं केंद्र आदल्या दिवशी बघून या. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट टाळा.

## टप्पा ६: नोंदणी आणि पसंतीक्रम

निकाल लागला की राज्य आणि एमसीसी अशा दोन्ही ठिकाणी नोंदणी करायची की एकाच ठिकाणी, हे आधी ठरवून ठेवलेलं असावं. एमसीसीला अनामत रक्कम भरावी लागते. गेल्या काही वर्षांत अखिल भारतीय जागांसाठी ती खुल्या प्रवर्गाला १०,००० आणि अभिमत विद्यापीठांसाठी २,००,००० रुपये राहिली आहे. ती परत मिळते, पण नियम मोडला तर जप्त होते.

राज्याच्या नोंदणीत वैद्यकीय-दंत, आयुष, आणि फिजिओथेरपीसारखे अभ्यासक्रम असे गट असतात. नोंदणी करताना ज्या ज्या गटात जायची तयारी आहे ते सगळे निवडा. पहिल्या गटाच्या फेऱ्या आधी सुरू होतात. तिकडे नंबर लागेल या आशेवर दुसरे गट सोडणारी मुलं नंतर हात चोळत बसतात.

आता पसंतीक्रम. यंत्रणा गुणवत्ता क्रमाने एकेका विद्यार्थ्याची यादी वरून खाली बघते आणि जी पहिली जागा शिल्लक असेल ती देते. म्हणजे वर अवघड कॉलेज लिहिल्याने खालच्या कॉलेजची संधी कमी होत नाही. तरीही ‘मिरज मिळणार नाही, म्हणून गोंदिया आधी लिहू’ असा हिशेब पालक करतात आणि मिरजेइतके गुण असूनही मुलगा गोंदियाला जातो.

यादी कागदावर बनवा, घरातले सगळे असताना. पहिल्या क्रमांकावर खरोखर जे हवं आहे ते लिहा. उदाहरणार्थ मिरजेच्या मुलीच्या यादीत मिरज, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे असा क्रम असू शकतो. राहण्याचा खर्च वाचतो म्हणून मिरज पुण्याच्या वर ठेवणं पूर्णपणे शहाणपणाचं आहे. जिथे काहीही झालं तरी पाठवणार नाही, ते कॉलेज यादीत टाकूच नका. आणि गेल्या वर्षीचे कट-ऑफ बघताना प्रवर्ग, फेरी आणि कोटा तीनही जुळतात ना ते पाहा. तिसऱ्या फेरीचा आकडा पहिल्या फेरीला लावून मुलं हवेत राहतात.

खासगी महाविद्यालयं निवडताना शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेलं शुल्क आणि त्या वर्षीची जागांची मान्यता तपासा. एमबीबीएससाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नर्सिंगसाठी महाराष्ट्र परिचर्या परिषद, फार्मसीसाठी भारतीय औषधनिर्माण परिषद. नर्सिंग आणि पॅरामेडिकलच्या नावाखाली दोन खोल्यांत चालणारी ‘इन्स्टिट्यूट’ गावोगावी दिसतात. परिषदेच्या यादीत नाव नसेल तर त्या पदवीवर नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय नोकरी नाही.

सावधान: निकालानंतर ‘मॅनेजमेंटमधून जागा करून देतो’ म्हणणाऱ्यांचे फोन सुरू होतात. संस्थात्मक कोट्याच्या जागाही नीट आणि अधिकृत प्रक्रियेतूनच भरतात. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घेणं १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. कोणालाही रोख पैसे आणि मूळ कागद देऊ नका.

तपासा: यादी लॉक केल्यावर प्रत काढा आणि कॉलेजचे कोड नावाशी पडताळा. सारख्या नावाची महाविद्यालयं दोन गावांत असतात.

## टप्पा ७: जागा लागल्यावर

रिपोर्टिंगला, म्हणजे कॉलेजात हजर होऊन प्रवेश घ्यायला, मोजके दिवस मिळतात, आणि त्यात रविवार किंवा सुट्टीही येऊ शकते. जागा नंदुरबार, चंद्रपूर किंवा गोंदियाला लागली तर एक-दीड दिवस प्रवासातच जातो. गोंदियासाठी कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस मिरज, सांगली, कराड, साताऱ्यावरूनच जाते, पण ऐन वेळी आरक्षण मिळत नाही. यादीत लांबचं कॉलेज असेल तर निकालाच्या दिवशी बॅग आणि फाइल तयार असू द्या.

सोबत न्यायचं: सगळे मूळ कागद, प्रत्येकी तीन-चार साक्षांकित प्रती, फोटो, वाटप पत्र आणि शुल्क. शुल्क डिमांड ड्राफ्टने की ऑनलाइन, आणि कुणाच्या नावे, हे त्या महाविद्यालयाच्या सूचनेत वाचा. चुकीच्या नावाचा ड्राफ्ट दुसऱ्या गावात बदलून मिळत नाही. मूळ कागद कॉलेजकडे जमा होतात. कर्जासाठी आणि शिष्यवृत्तीसाठी ते पुन्हा लागतात, म्हणून जमा करण्याआधी पूर्ण संच रंगीत स्कॅन करून ठेवा.

आता एका फॉर्मबद्दल. राज्याच्या प्रक्रियेत प्रवेश घेतल्यावर ‘स्टेटस रिटेन्शन’ फॉर्म समोर येतो. तो भरला म्हणजे हीच जागा मला हवी, पुढच्या फेरीत विचार करू नका, असा अर्थ होतो. तो न भरता प्रवेश घेतला तर पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची जागा लागू शकते. ती लागली की आधीची आपोआप रद्द होते, परत मागता येत नाही. म्हणून पुढच्या फेरीची यादी भरताना आत्ताच्या जागेपेक्षा खरोखर बरीच तेवढी ठेवा. काउंटरवरचा माणूस ‘इथे सही करा’ म्हणाला तरी वाचल्याशिवाय सही करू नका.

एमसीसीचा नियम निराळा आहे. पहिल्या फेरीत लागलेली जागा न घेता बाहेर पडता येतं. दुसऱ्या फेरीत जागा लागून गेलं नाही तर अनामत जाते. तिसऱ्या फेरीपासून प्रवेश घेतला की सोडता येत नाही. राजीनामा द्यायचा तर कॉलेजने तो एमसीसीच्या प्रणालीतूनच काढून द्यायला हवा. साध्या कागदावर लिहून दिलेला राजीनामा नोंदला जात नाही, नाव तिथेच अडकतं आणि राज्याच्या फेरीत तुम्हाला बाद ठरवलं जातं.

शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस केल्यावर एक वर्ष शासकीय सेवेचं बंधपत्र असतं, ती न केल्यास दहा लाख रुपये भरावे लागतात. मुलांनी ही सेवा करावी असं मला मनापासून वाटतं. पाटण, जावळी, जत, आटपाडीच्या आरोग्य केंद्रांना डॉक्टर हवेच आहेत. पण सही करताना आपण काय मान्य करतोय हे आई-वडिलांना आणि मुलाला दोघांनाही माहीत असलं पाहिजे.

## टप्पा ८: पैशाची सोय

महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशानंतर लगेच भरा आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण करा. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि इतर मागासवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशाला लागू होते. अभिमत विद्यापीठ किंवा संस्थात्मक कोट्यातल्या जागेला नाही. वसतिगृह आणि खाणावळीचा खर्च यात येत नाही. मुलीचं आधार बँक खात्याशी जोडलेलं नसेल तर मंजूर पैसेही अडकून राहतात.

शैक्षणिक कर्ज लागणार असेल तर निकालाआधीच बँकेत बोलून यादी घ्या. विद्यालक्ष्मी पोर्टलवर खातंही उघडून ठेवा. वाटप पत्र आल्यावर बँकेची पहिली पायरी चढणाऱ्यांना रिपोर्टिंगच्या मुदतीत पैसे मिळत नाहीत.

## टप्पा ९: वर्ग सुरू होईपर्यंत

हिपॅटायटीस बीची लस घेतलेली आहे का ते बघा. रुग्णालयात शिकणाऱ्या प्रत्येकाला ती हवी. तीन डोस असतात: पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. म्हणजे प्रवेशाची वाट न पाहता सुरू केलेली बरी.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिले तीन-चार महिने भाषेचे जड जातात, बुद्धीचे नव्हे. या मधल्या काळात बारावीच्या जीवशास्त्राचं मानवी शरीरावरचं प्रकरण इंग्रजीतून मोठ्याने वाचायचं, रोज अर्धा तास. उत्तर मराठीत सुचत असेल तर ते आधी मराठीत बोलून मग इंग्रजीत लिहायचा सराव करा. तोंडी परीक्षेत हाच सराव कामी येतो.

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला जास्तीत जास्त चार संधी मिळतात आणि लेखी विषयांना ७५ टक्के, प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती लागते. पुढच्या वर्षी पुन्हा नीट देऊन ‘वरचं’ कॉलेज मिळवू, असं ठरवून बसलेल्या मुलांची उपस्थिती आणि अभ्यास दोन्ही जातात. जागा सोडण्याची शेवटची तारीख आणि त्याचा दंड पुस्तिकेत दिलेला असतो. पुन्हा प्रयत्न करायचाच असेल तर ती तारीख उलटण्याआधी निर्णय घ्या, नंतर शरीररचनाशास्त्राचं पुस्तक उघडा.